चित्रांच्या दालनातील सूर आणि शब्द

गेल्या वर्षी आमच्या शाळेतील नववीच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही एका आधुनिक चित्रप्रदर्शनास गेलो होतो. दालनाच्या मधोमध एक मोठे चित्र होते. त्यात माणूस नव्हता, झाड नव्हते, घर नव्हते. गेरूसारखा एक विस्तीर्ण पट्टा, त्यावर निळ्याची एक तिरकस रेघ, आणि खाली कोपऱ्यात काळसर डाग, एवढेच. मुले गोंधळली. शिक्षकाचा धर्म आठवून आम्ही त्या चित्रापुढे उभे राहिलो आणि अर्धा तास बोललो. फ्रान्समधील चित्रकारांनी उन्हाचा अभ्यास कसा केला, आकार मोडून पुन्हा कसे जुळविले, रंग वस्तूपासून कसा सुटा झाला, हे सर्व सांगितले. मागून एका मुलाने विचारले, "सर, पण हे आहे कशाचे?" त्यावर आम्ही आणखी दहा मिनिटे बोललो. परत येताना बसमध्ये एक मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, तुम्ही बोलत होता तेव्हा आम्ही तुमच्याकडेच बघत होतो. चित्र बघायचे राहूनच गेले."

ह्या वाक्याने आम्हांस फार दिवस स्वस्थ बसू दिले नाही. चित्राजवळ उभे राहून बोलावे की न बोलावे? बोलावे तर काय? मोठमोठ्या संग्रहालयांत प्रदर्शनाबरोबर व्याख्याने ठेवतात, गाण्यावाजवण्याच्या बैठकी ठेवतात. लग्नाच्या मांडवात सनई असते, तसे हे केवळ शोभेचे आहे काय? की डोळ्यांचे जे काम अडते ते कानाच्या वाटेने पुढे सरकते? ह्या प्रश्नाचा शोध घेताना आम्ही जाऊन पोहोचलो ते युरोपातील एका लहानशा देशाच्या राजधानीत, ब्रुसेल्स शहरात. तेथे सव्वाशे वर्षांपूर्वीच हा प्रयोग सलग दहा वर्षे झाला होता, आणि तोही पुष्कळशी थट्टा सोसून.

बेल्जियम हा देश १८३० साली स्वतंत्र झाला. देश लहान, पण कोळसा, लोखंड आणि काच ह्यांच्या धंद्यावर श्रीमंत झालेला. श्रीमंतीबरोबर चित्रे विकत घेणारा वर्गही वाढला. मात्र कोणती चित्रे चांगली हे ठरवीत सरकारमान्य प्रदर्शनांचे परीक्षक. नव्या धाटणीचे चित्र आले की ते परत पाठवावयाचे, हा त्यांचा परिपाठ. ह्या परीक्षकांना कंटाळून काही तरुण चित्रकार १८८३ च्या ऑक्टोबरात एकत्र आले आणि त्यांनी आपले मंडळ काढले. मंडळाचे नाव अगदी साधे होते, 'वीस'. सभासद वीस, म्हणून नाव वीस. फ्रेंचमध्ये त्यास 'ले व्हँ' म्हणत. जेम्स एन्सॉर, फेर्नां क्नोफ, तेओ व्हान रिसेलबर्ग ही त्यांतील पुढे प्रसिद्धीस आलेली नावे. आना बॉक ही चित्रकर्ती १८८५ साली मंडळात आली. मंडळातील ती एकटीच स्त्री.

मंडळास अध्यक्ष नव्हता. होता तो चिटणीस, आणि तो चित्रकारही नव्हता. ऑक्ताव्ह मॉस (१८५६–१९१९) हे पेशाने वकील. पियानो बरा वाजवीत, जर्मन संगीतकार वाग्नेर ह्याचे निस्सीम भक्त होते, आणि १८८१ साली निघालेल्या 'आधुनिक कला' ह्या साप्ताहिकाच्या चालकांपैकी एक होते. ज्या संस्थेत सर्वच कलावंत असतात त्या संस्थेत पत्रे लिहिणारा, भाड्याचे पाहणारा, निमंत्रणे वेळेवर धाडणारा एक माणूस कलावंत नसलेला असावा लागतो. आमच्या गणेशोत्सव मंडळांना हे सांगावयास नको. मॉस तसे होते. परंतु केवळ व्यवस्थापक म्हणून त्यांची बोळवण करणे अन्यायाचे होईल. प्रदर्शन म्हणजे भिंतीवर खिळे मारून चित्रे टांगणे नव्हे, ही कल्पना मुख्यतः त्यांची.

पहिले प्रदर्शन १८८४ च्या फेब्रुवारीत भरले. त्यानंतर दरवर्षी थंडीच्या अखेरीस ते भरू लागले. वीस सभासद आपली चित्रे मांडीत आणि साधारण तितक्याच पाहुण्या कलावंतांना देशातून व परदेशांतून बोलावीत. परीक्षक कोणी नाही, बक्षीस नाही. कोणाची चित्रे कोणत्या भिंतीवर, हे चिठ्ठ्या टाकून ठरे. एका कलावंताची सर्व चित्रे एकत्र लावीत, म्हणजे पाहणाऱ्यास त्या माणसाची नजर कळावी. आज ही रीत सर्वत्र आहे. त्या काळी सरकारी प्रदर्शनात चित्रे वरपासून खालपर्यंत, आपल्याकडील भांड्यांच्या दुकानासारखी, दाटीने लावलेली असत.

आणि दुपारी त्याच दालनांत खुर्च्या मांडून कधी व्याख्यान, तर कधी संगीताचा कार्यक्रम होई. भिंतींवर चित्रे, मध्ये पियानो, भोवती श्रोते. ज्याला चित्रांत रस नाही तो गाण्यासाठी येई, आणि येताजाता त्याच्या डोळ्यांवर चित्रे पडत. ज्याला संगीत नको तो कवीचे बोलणे ऐकावयास येई.

लोकांनी हे सर्व कौतुकाने स्वीकारले असे मात्र कोणी समजू नये. वर्तमानपत्रांनी यथेच्छ टवाळी केली. १८८७ साली जॉर्ज सरा ह्या फ्रेंच चित्रकाराचे 'ग्रांद जात बेटावरील रविवारची दुपार' हे प्रचंड चित्र ब्रुसेल्सला आले. सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद असे हे चित्र संपूर्णपणे बारीक ठिपक्यांनी रंगविलेले आहे. रंग तबकडीवर मिसळावयाचे नाहीत, शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवावयाचे, म्हणजे ते पाहणाऱ्याच्या डोळ्यात मिसळतात, असे त्यामागचे शास्त्र. लोक त्यापुढे गर्दी करून हसले आणि रागावलेही. परंतु हसणाऱ्यांच्या त्याच गर्दीत एमिल व्हेरहारेन नावाचा एक कवी होता. त्याने सराचे समुद्रकाठचे एक चित्र विकत घेतले आणि ह्या नव्या चित्रकारांच्या बाजूने लेख लिहिले. शहरात असा एक जरी माणूस असला तरी पुष्कळ होते. ते मोठे चित्र आज अमेरिकेत शिकागो येथील संग्रहालयात आहे, आणि त्यापुढची गर्दी अजून ओसरलेली नाही. हसणारे तेवढे गेले.

येथे एका छोट्याशा भांडणाची हकीकत सांगावीशी वाटते, कारण आमच्या विषयाचे मर्म तिच्यात आहे. एन्सॉर ह्याने १८८१ साली 'रशियन संगीत' नावाचे चित्र काढले होते. एक स्त्री पाठमोरी बसून पियानो वाजवीत आहे आणि एक गृहस्थ खुर्चीत बसून ऐकत आहे. पुढे १८८३ साली क्नोफ ह्याने 'शूमानचे संगीत ऐकताना' हे चित्र काढले. १८८६ च्या प्रदर्शनाच्या सुमारास एन्सॉरने तक्रार केली की क्नोफने माझी कल्पना चोरली. दोन्ही चित्रे आज ब्रुसेल्सच्या राजकीय संग्रहालयात आहेत आणि त्यांच्या प्रतिमा सहज पाहावयास मिळतात. विद्यार्थ्यांनी त्या शेजारी शेजारी ठेवून अवश्य पाहाव्यात. आमच्या मते चोरीचा आरोप टिकणारा नाही. एन्सॉरच्या चित्रात वाजवणारी आणि ऐकणारा असे दोघे आहेत. खोलीत संगीत चालू आहे, एवढे ते चित्र सांगते. क्नोफच्या चित्रात काळ्या पोशाखातील एक स्त्री खुर्चीत बसली आहे. तिने हात कपाळाशी नेऊन चेहरा झाकून घेतला आहे. पियानो वाजवणारा दिसतच नाही. चित्राच्या डाव्या कडेला पियानोच्या पट्ट्यांवरील त्याचा हात तेवढा दिसतो. म्हणजे हे चित्र वाजविण्याचे नाही, हे ऐकण्याचे आहे. मैफलीत रसिक डोळे मिटून घेतो, त्याच्या चेहऱ्यावर आतले काही उमटू लागते, तो क्षण रंगाने पकडता येईल का, हा क्नोफचा प्रश्न. डोळ्यांनी पाहण्याच्या वस्तूत त्याने डोळे झाकलेली बाई काढली, हे आम्हांस फार सूचक वाटते.

आता संगीताकडे वळू. ह्या शहरातील एका हिवाळी संध्याकाळची आठवण संगीताच्या इतिहासात कायमची नोंदली गेली आहे. ती 'वीस'च्या वार्षिक प्रदर्शनातील नव्हे. प्रदर्शन फेब्रुवारीत भरे आणि ही बैठक डिसेंबरातली. पण जागा तीच, चित्रसंग्रहालयाची.

सेझार फ्रांक हा संगीतकार जन्माने बेल्जियममधील लिएज गावचा. आयुष्य पॅरिसच्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजविण्यात गेलेले. वयाची साठी उलटल्यावर त्याने व्हायोलिन आणि पियानो ह्यांच्यासाठी एक रचना केली आणि ती त्याच लिएजचा तरुण व्हायोलिनवादक यूजेन इझाई ह्यास १८८६ च्या सप्टेंबरात लग्नाचा आहेर म्हणून दिली. १६ डिसेंबर १८८६ रोजी ब्रुसेल्सच्या आधुनिक चित्रसंग्रहालयात ती लोकांपुढे वाजवावयाची होती. व्हायोलिनवर इझाई, पियानोवर लेओंतीन बोर्द-पॅन ही फ्रेंच वादिका. कार्यक्रम दुपारी सुरू झालेला, लांबलचक, आणि ही रचना अगदी शेवटी. युरोपातील डिसेंबर म्हणजे चार वाजताच दिवेलागण. आणि दिवा लावण्यास तर मनाई! भिंतींवर चित्रे होती, त्यांना धोका पोहोचू नये म्हणून संग्रहालयाच्या नियमानुसार दालनात कृत्रिम उजेड चालत नसे. रचनेचे चार भाग. पहिला भाग कसाबसा संपला आणि समोरच्या कागदावरील खुणा दिसेनाशा झाल्या. बैठक आटोपती घ्यावी असे ठरू लागले, पण श्रोते उठेनात. तेव्हा इझाईने गजाने समोरच्या घडवंचीवर टकटक केले, चला, चला, असे तो म्हणाला, आणि त्या दोघांनी उरलेले तीनही भाग जवळजवळ पूर्ण अंधारात, केवळ पाठांतरावर वाजविले. व्हँसाँ दँदी हा फ्रांकचा शिष्य ह्या प्रसंगाविषयी मागाहून मोठ्या भक्तीने लिहीत असे.

आपल्याकडील वाचकास यात विशेष ते काय, असे वाटेल. आपले गायक-वादक कागद समोर ठेवीत नाहीत. पण पाश्चात्त्य संगीतात रचनाकाराने एकेक सूर लिहून ठेवलेला असतो, दोन्ही वाद्यांचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, आणि एकाची चूक झाली की दोघांचे वस्त्र उसवते. ह्या रचनेच्या शेवटच्या भागात तर पियानो एक धून सुरू करतो आणि व्हायोलिन एका मात्रागटाच्या अंतराने तीच धून घेऊन त्याच्यामागून चालू लागते. आपल्याकडे गायकाच्या पाठोपाठ संवादिनी तीच स्वरपंक्ती उचलते, तसेच काहीसे. फरक एवढाच की तेथे मागून येणारा साथीदार नसतो, बरोबरीचा असतो. ही पाठशिवणी अंधारात, एकमेकांचा चेहरा न दिसता, नव्या कोऱ्या रचनेत साधावयाची होती.

आम्ही ह्या प्रसंगाचा विचार करतो तेव्हा भिंतींवरील चित्रे डोळ्यांपुढे येतात. चित्रांच्या रक्षणासाठी दिवे नाहीत, दिवे नाहीत म्हणून चित्रे दिसत नाहीत, आणि ती दिसेनाशी झाली तेव्हाच श्रोत्यांनी जागा सोडली नाही. संग्रहालयाच्या नियमाने नकळत जे केले ते कोणत्याही व्याख्यात्याला साधले नसते. त्याने माणसांना न बघता थांबावयास शिकविले.

चित्रकारही संगीताकडे कान देऊन होते. व्हिस्लर हा अमेरिकन चित्रकार 'वीस'च्या पहिल्याच वर्षी पाहुणा होता. तो आपल्या चित्रांना रात्रगीत, स्वरमेळ अशी संगीतातील नावे देई. लंडनमध्ये एका टीकाकाराने, त्याने लोकांच्या तोंडावर रंगाचे मडके फेकले अशा अर्थाचे लिहिले, तेव्हा त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८७८ साली तो जिंकला आणि भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा भाग! पॉल सिन्याक ह्याने तर आपल्या चित्रांना संगीतरचनांप्रमाणे क्रमांक दिले. १८९१ साली त्याने फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कोंकार्नो बंदरात होड्यांची पाच चित्रे काढली, आणि प्रत्येकास संगीतातील लयीचे नाव दिले. कोणास विलंबित अर्थाचे 'आदाज्यो', कोणास द्रुत अर्थाचे 'प्रेस्तो', कोणास खेळकर चालीचे. १८९२ साली ही पाची चित्रे 'वीस'च्या प्रदर्शनात एका ओळीने लागली. किनाऱ्यावर वाढलेल्या मुलांना होड्यांची रांग म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ह्या होड्या तर तारलीच्या मासेमारीच्या. सारख्या अंतरावर एकामागून एक शीड, खाली पाण्यावर त्यांच्या सावल्या, आणि मग पुन्हा शीड. टाळी, खाली, टाळी, खाली. हे चित्र कशाचे, ह्याचे उत्तर 'होड्यांचे' असे देता येईल, आणि 'लयीचे' असेही देता येईल.

युरोपातील टीकाकारांना हे विचित्र वाटले, पण मराठी माणसाने त्यात बिचकू नये. आपल्या भाषेने ही गाठ केव्हाच मारून ठेवली आहे. मैफल 'रंगते'. गवई रंग भरतो. 'राग' हा शब्दच मुळी रंगविणे ह्या अर्थाच्या धातूपासून आला आहे. जाणते लोक म्हणतात की अमुक गवयाने राग 'दाखवला', त्याचा 'चेहरा' स्पष्ट केला. ऐकण्याच्या गोष्टीला आपण इतक्या सहज दिसण्याचे शब्द वापरतो. मग दिसण्याच्या गोष्टीला कोणी ऐकण्याचे शब्द वापरले तर बिघडले कोठे? गाणे ऐकताना 'हे कशाचे आहे' असे आमच्या घरातील अगदी अडाणी म्हातारीही विचारीत नाही. चित्रापुढे मात्र तोच प्रश्न पहिल्याने ओठांवर येतो.

व्याख्यानांची गोष्ट थोडी निराळी. 'वीस'ने बोलाविलेले वक्ते बहुधा कवी व लेखक असत. फ्रेंच लेखक व्हिलिए द लील-आदाम १८८८ साली बेल्जियममध्ये येऊन बोलला. पुढच्याच वर्षी तो वारला, आणि १८९० च्या फेब्रुवारीत त्याचा मित्र, कवी स्तेफान मालार्मे, त्याच्यावरच व्याख्यान देण्यास आला. मालार्मे हा दुर्बोधपणाबद्दल प्रसिद्ध. त्याचे गद्यही कवितेइतकेच अवघड. म्हणजे न समजणाऱ्या चित्रांच्या दालनात न समजणारा वक्ता! आमच्यासारख्या शिक्षकास प्रथम हे हास्यास्पद वाटते. चित्रांचा अर्थ फोड करून सांगणारा एखादा प्राध्यापक का बोलावला नाही? परंतु अधिक विचार केल्यावर मॉस ह्यांचा हेतू ध्यानी येतो. व्याख्यान चित्राचा अनुवाद व्हावा असे त्यांना वाटत नव्हते. शेजारी दुसरी एक स्वतंत्र कला उभी करावी, म्हणजे श्रोता एका कलेतील न समजणे सोसावयास शिकेल आणि दुसऱ्या कलेपुढे धीर धरील. हा मार्ग सर्वांना पेलणारा नाही, हे आम्ही कबूल करतो. शाळेत तर मुळीच नाही. १८९१ साली आंरी व्हान द व्हेल्डे ह्या सभासदाने 'चित्रकलेतील शेतकरी' ह्या विषयावर जे भाषण केले तो नमुना आम्हांस अधिक जवळचा वाटतो. शेतात राबणारा माणूस चित्रकारांनी कसकसा पाहिला, हा विषय कोणाच्याही आवाक्यातला आहे.

मालार्मे आला त्या १८९० च्याच प्रदर्शनात व्हिन्सेंट व्हॅन गॉगची सहा चित्रे होती. सूर्यफुले होती, बहरलेली बाग होती, उगवत्या सूर्याखालचे गव्हाचे शेत होते. स्वतः व्हिन्सेंट त्या वेळी दक्षिण फ्रान्समधील एका मनोरुग्णालयात होता. आंरी द ग्रू नावाच्या सभासदाने त्या सूर्यफुलांशेजारी आपली चित्रे लावण्यास नकार दिला आणि मेजवानीत व्हिन्सेंटला नावे ठेवली. तेव्हा ठेंगणा तुलूझ-लोत्रेक खवळून उठला आणि त्याने द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. सिन्याक म्हणाला की लोत्रेक पडला तर मी लढेन. अखेर द ग्रू मंडळातून बाहेर पडला आणि रक्त सांडले नाही. ह्या गलबल्यात आना बॉक हिने मात्र शांतपणे 'लाल द्राक्षमळा' हे चित्र ४०० फ्रँकांना विकत घेतले. व्हिन्सेंटच्या हयातीत विकल्या गेलेल्या चित्रांपैकी खात्रीने सांगता येते ते हेच. त्याच वर्षी २९ जुलैला तो वारला. १८९१ साली 'वीस'ने त्याची चित्रे पुन्हा मांडून त्यास आदरांजली वाहिली.

असे असले तरी हे मंडळ म्हणजे सद्गुणांचा पुतळा नव्हता. ज्यांनी परीक्षकांविरुद्ध बंड केले त्यांनीच आपल्या एन्सॉरचे 'ख्रिस्ताचा ब्रुसेल्सप्रवेश' हे अडीच मीटर उंच व चार मीटरांहून रुंद चित्र मांडले नाही. ते लोकांपुढे प्रथम आले १९२९ साली! नव्याचे कैवारीसुद्धा आपल्याहून नव्यापुढे बिचकतात.

४ मार्च १८९२ रोजी एर्नेस्त शोसों ह्याची व्हायोलिन, पियानो आणि चार तंतुवाद्ये ह्यांच्यासाठी केलेली रचना 'वीस'च्या बैठकीत प्रथम वाजली, तीही इझाईनेच वाजविली. ठरलेल्या पियानोवादकाने ऐन वेळी अंग काढून घेतले आणि दुसऱ्यास थोड्या दिवसांत ती अवघड रचना बसवावी लागली. १८९३ साली मंडळ विसर्जित झाले. मॉस ह्यांनी लगेच 'मुक्त सौंदर्य' अशा अर्थाच्या नावाची नवी संस्था काढली आणि १ मार्च १८९४ रोजी तिच्या पहिल्या प्रदर्शनात देब्युसी ह्या तरुण संगीतकाराच्या रचनांची एक संपूर्ण बैठक झाली. केवळ त्याच्याच रचनांचा असा कार्यक्रम त्यापूर्वी कोठेही झालेला नव्हता. संस्था १९१४ पर्यंत चालली, पुढे महायुद्ध आले. मॉस ह्यांच्या पत्नीने १९२६ साली ह्या तीस वर्षांच्या झगड्याची हकीकत लिहून प्रसिद्ध केली.

दुसऱ्या महायुद्धातील लंडनची गोष्ट येथे थोडक्यात सांगितली पाहिजे. १९३९ साली युद्ध सुरू होताच तेथील राष्ट्रीय चित्रसंग्रहालयातील सर्व चित्रे वेल्समध्ये हलविली गेली आणि पुढे पाटीच्या दगडाच्या एका खाणीत ठेवली गेली. भिंती रिकाम्या, मैफलींची सभागृहे बंद, रात्री सर्वत्र अंधार. मायरा हेस ह्या पियानोवादिकेने संचालक केनेथ क्लार्क ह्यांना विचारले की रिकाम्या दालनात दुपारी संगीत का होऊ नये? १० ऑक्टोबर १९३९ रोजी त्या स्वतःच वाजवावयास बसल्या. तेव्हापासून सोमवार ते शुक्रवार, दररोज दुपारी, एक शिलिंग तिकिटात. ऑक्टोबर १९४० मध्ये संग्रहालयावर बाँब पडले तरी बैठकी थांबल्या नाहीत. १९४६ च्या एप्रिलपर्यंत १,६९८ बैठकी झाल्या आणि आठ लाखांहून अधिक श्रोते येऊन गेले. त्याच इमारतीत समकालीन चित्रकारांची युद्धचित्रे मांडलेली असत. बाँबच्या भीतीने भुयारी रेल्वेत रांगेने झोपलेल्या माणसांची हेन्री मूर ह्याने काढलेली रेखाचित्रे तेथे होती. दुपारी मोत्सार्ट ऐकून बाहेर पडणाऱ्या कारकुनाने आदल्या रात्रीची आपलीच झोप भिंतीवर पाहिली असेल. त्या माणसाला 'हे कशाचे आहे' असे विचारावे लागले नसेल.

आपल्याकडेही मुंबईत १९५० नंतरच्या काळात वॉर्डन रोडवरील भुलाभाई स्मारक संस्थेत गायतोंडे आणि हुसेन ह्यांच्या चित्रशाळा, रविशंकर ह्यांची 'किन्नर' ही संगीतशाळा आणि अल्काझी ह्यांच्या नाटकाच्या तालमी एकाच छपराखाली नांदल्या. वासुदेव गायतोंडे हे मूळ गोव्याकडील घराण्यातले. त्यांच्या त्या निःशब्द चित्रांजवळून सतारीचे सूर जात असतील, ह्या कल्पनेने आम्हांस बरे वाटते. ती वास्तू आज उभी नाही.

ह्या वर्षी आम्ही व्याख्यान दिले नाही. सिन्याकच्या त्या पाच होड्यांच्या चित्रांपैकी मावळतीचे, 'आदाज्यो' नावाचे चित्र मोठे छापून आणले आणि वर्गाच्या भिंतीवर लावले. संध्याकाळची शेवटची तासिका होती. आमच्या संगीतशिक्षकांनी संवादिनीवर मारवा धरला. मारवा हा सूर्यास्ताचा राग. त्यात षड्जावर फार वेळ टेकावयाचे नसते, म्हणून ऐकणाऱ्याचा जीव घर सापडत नसल्यासारखा हुरहुरतो. दिवा लावू नका, एवढेच आम्ही मुलांना सांगितले. वीस मिनिटे कोणी बोलले नाही. पुढील बाकावरचा एक मुलगा मध्येच चित्राच्या अगदी जवळ जाऊन आला आणि परत जागेवर बसला. वाजविणे थांबल्यावर गेल्या वर्षीच्या बसमधील तीच मुलगी, आता दहावीतली, म्हणाली, "सर, ह्या चित्रात 'सा' कुठे आहे?"

आम्ही उत्तर दिले नाही. मुले उठली, चित्राभोवती जमली आणि बोटे ठेवू लागली. कोणाचे सूर्यावर, कोणाचे क्षितिजाच्या रेघेवर, आणि दोघांचे कोपऱ्यातील एकाच शिडावर. त्यावरून त्यांचा वाद सुरू झाला तो शाळा सुटल्याची घंटा होईपर्यंत चालला.